अधोली सापडत नाही, हंडे मावत नाहीत

(पत्र बरंच मोठं होतं, थोडं आवरून देते आहे.)

नमस्कार,

मी ५९ वर्षांची. मागच्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायला निघाला, तेव्हा बिऱ्हाडकरूंनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली. भंगारवाला काट्याला हंडा अडकवून वजन करत होता. मला बघवेना. त्याच्याकडूनच दोन हंडे आणि एक घंगाळ मी सोडवून घेतलं. तेव्हापासून लागलेलं वेड. आता कर्वेनगरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दीडशेच्या वर वस्तू आहेत. अकरा हंडे-कळश्या, पराती, तपेल्या, डबे, अडकित्ते, सहा समया. पाणी तापवायचा बंब सोफ्यामागे उभा आहे. माळा भरला, दिवाणाचं पोट भरलं.

माझा खरा जीव धान्य मोजायच्या जुन्या मापांवर आहे. चिपटं, मापटं, शेर आणि पायली मिळाली, पण मधली अधोली काही केल्या मिळत नाही. चार वर्षं बुधवार नाहीतर रविवार गाठून जुन्या बाजारात जाते. एकदा मिळाली होती, पण काठ पिचलेला होता म्हणून सोडली. अजून चुटपुट लागते. निदान ती पिचकी तरी घ्यायला हवी होती का, असं वाटतं.

सून आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते, तिच्या मीटिंगमध्ये मागे माझे हंडे दिसतात. परवा म्हणाली, "आई, हे घर आहे की भांड्यांचं दुकान?" मला फार लागलं. त्यात गेल्या आठवड्यात दीड वर्षाचा नातू समई धरून उभा राहिला, ती कलली, मुलाने वरच्या वर धरली. तेव्हापासून घरात सगळे मोजकंच बोलतात. मुलगा म्हणतो, एक दिवस माळा खाली येईल. ह्यांना विचारलं तर ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालता घालता म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." न्यू जर्सीची लेक म्हणते, दोन समया मला दे, मी घेऊन जाते.

एका परातीवर कुणा अनोळखी बाईचं नाव आणि १९३८ साल कोरलंय. ती मी कशी टाकू? आणि आपल्या पुण्यात केळकरांनी जुन्या वस्तूंचं संग्रहालय केलं, तेही असंच जमवत गेले ना? छंद सोडू, की सुनेला समजावू?

– पितळवेडी, कर्वेनगर

---

ताई,

हा परिच्छेद वाचून झाला की मासिक बाजूला ठेवा आणि समया उतरवा. त्यांचं बाकी काय करायचं ते नंतर बघू. समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. फिरवून सुटे करा, मऊ कापडात गुंडाळा आणि आडवे ठेवून द्या. उभी समई म्हणजे सगळं वजन बुडाशी आणि धरायला वर छान दांडा. दीड वर्षाच्या मुलाला उभं राहायला याहून सोयीचं काय असणार! खालच्या दोन फुटांत असलेलं बाकीचंही वर न्या. पडण्याइतकंच हे पोर ते तोंडात घालेल याचं मला भय आहे. जुन्या पितळेत शिसं असू शकतं, आणि सांदीत धरलेला हिरवा कळंक पोटात जाणं बरं नाही. यावर घरात चर्चा नको, सुनेने सांगायची वाट बघणं नको. तिने सांगण्याआधी झालेलं असू दे.

झालं? आता बसा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि मी जरा आगाऊपणा केला. कुठल्या वस्तूला तुम्ही किती जागा दिली आहे ते मोजलं. घरातली जागा नव्हे, पत्रातली. अकरा हंडे-कळश्यांना मिळून दोन शब्द. अडकित्त्यांना एक. बंबाला पाऊण ओळ, तीही तो कुठे उभा आहे एवढंच सांगायला. आणि अधोलीला? मूळ पत्रात अर्धं पान! तिचा काठ कुठे पिचला होता, विकणारा काय म्हणाला, तुम्ही परत फिरलात तोवर ती कशी गेली होती, सगळं. म्हणजे जी वस्तू तुमच्याकडे नाहीच, तिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय.

ताई, तुमच्या घरात संग्रह आहे. पण तो पाच वस्तूंचा आहे, आणि त्यातली एक यायची आहे. बाकीचा साठा आहे. संग्रहाला आपल्यात काय कमी आहे ते ठाऊक असतं. साठ्याला ते विचारून बघा. तुमच्या हंड्यांमध्ये कुठला हंडा कमी आहे? बारावा? तो आला की तेरावा कमी पडेल. हंड्यांच्या बाबतीत तुम्ही काही शोधत नाही, समोर आलेला नाकारत नाही एवढंच. अधोली मात्र चार वर्षं शोधून समोर आली, तरी काठ पिचलेला म्हणून सोडलीत! पत्रात तुम्हाला त्याचीच खंत वाटते आहे. मला विचाराल तर गेल्या सहा वर्षांत तुम्ही संग्राहक म्हणून केलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट.

मग हंडे का आले? तेही तुम्हीच लिहिलंय, पहिल्याच ओळींत. काट्याला अडकलेला हंडा बघवला नाही. तुम्ही हंडे जमवले नाहीत, सोडवून आणले. शब्दसुद्धा तुम्ही 'सोडवून' हाच वापरलाय.

ही कळ मला समजते. आमच्या आजीचं बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि तिचं स्वयंपाकघर भांड्यांसकट गेलं. पुढे तीस वर्षं ती दुसऱ्याच्या घरी परात दिसली की उलटी करून नाव वाचायची. आपली सापडेल म्हणून. सापडली नाही. पण पुरात गेलेल्या पितळेपेक्षा कितीतरी जास्त पितळ पुण्याने स्वतःच्या हाताने घालवलं. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, आमटी कळकत नाही. मग घरोघरच्या बायकांनी हंडे-तपेल्या वजनावर दिल्या आणि चकचकीत डब्यांची उतरंड मांडली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पाण्याने भरलेला हंडा ज्यांनी रोज कमरेवर घेतला, त्यांना तो कोपऱ्यात ठेवून बघत बसायची हौस नव्हती. आता उरलंसुरलं वाड्यांच्या पुनर्विकासात बाहेर पडतंय. पेठांमध्ये इतके वाडे पडताहेत की हंडे पायलीचे पन्नास झालेत. तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सगळ्या शहराचं मोडीतलं पितळ मावणार नाही. ते सोडवायचं काम तुम्ही थांबवा. छंद नव्हे, हे काम.

केळकरांचं तुम्ही विचारलंत. डॉ. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमाराला सुरुवात केली. १९६०पर्यंत त्यांच्याकडे पंधरा हजारांच्या आसपास वस्तू झाल्या होत्या, आणि पुढे त्यांनी तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. म्हणजे आयुष्यभर जमवलं ते जाणूनबुजून हातावेगळं केलं. हे लोक विसरतात आणि फक्त 'जमवलं' तेवढं लक्षात ठेवतात. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारच्या आसपास. एवढं मोठं संग्रहालय आठातली एक वस्तू दाखवतं, सात आत ठेवतं. आणि तुम्ही सोफ्याच्या मागेपुढे सगळं एकदम मांडून बसलात! बरं, कमलाबाई केळकरांची साथ त्यांना पहिल्यापासून होती. तुमच्या घरात तुम्ही एकट्या आहात. यात कुणाचा दोष नाही, पण हा फरक मोठा आहे.

अडकित्ते बघायला मात्र शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात एकदा जाऊन याच. ते बघितल्यावर तुमच्या डब्यातल्या अडकित्त्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता सूनबाई. "घर आहे की दुकान" हे वाक्य लागणारं आहे खरंच. तरी एक सांगते, दुकानातल्या वस्तू निदान जायला तयार असतात. तुमच्या नाहीत, आणि तिला बोचतंय ते हेच असावं. त्या घरात ती किती वर्षं राहते आहे? तिच्या आवडीची एक तरी वस्तू हॉलमध्ये आहे का? पत्रात मला दिसली नाही. मीटिंगमध्ये मागे हंडे दिसतात याची तिला लाज वाटते असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं तिला एक मोकळी भिंत हवी असेल, जिच्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा तिला समजावू नका. तुम्ही पितळेचं महत्त्व सांगाल, ती मान हलवेल, आणि संध्याकाळी मुलाला म्हणेल, "झालं एकदा भाषण." त्यापेक्षा तिच्याकडे एक भिंत मागा. 'हॉलमधली ही तीन फुटांची जागा माझी, बाकी हॉल तुझा, त्यात काय ठेवायचं ते तू ठरव,' एवढंच. मागून घेतलेल्या तीन फुटांवर कुणी वाकडं बोलत नाही. बळकावलेल्या तीनशे फुटांवर रोज बोलतात.

आणि हो, ट्रेडमिल. ज्यावर टॉवेल वाळतात तो पसारा नाही आणि पराती तेवढ्या पसारा, हे कसं काय? तुमची भांडी हलायला लागली की त्याच दिवशी ट्रेडमिलचाही विषय काढा. आधी काढू नका, तो सूड दिसेल. नंतर काढाल तर राहूनच जाईल.

एक आलं की एक बाहेर काढायचं, हा नियम तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मला तो पटत नाही. एक तर दीडशेच्या दीडशे तशाच राहतात. दुसरं म्हणजे बाहेर जाणारी वस्तू हटकून दुसऱ्याची निघते. नवी कळशी आली की ह्यांचे जुने बूट गेले, झाला हिशोब पुरा. वस्तू हातात घेऊन 'आनंद होतो का' विचारायचा प्रकारही तुमच्यापुरता बाद. तुम्हाला फुटक्या पळीनेसुद्धा आनंद होणार.

मी करायला सांगेन ते असं. एका रविवारी सगळं बाहेर काढा. सगळं म्हणजे माळ्यावरचं, दिवाणातलं, नवऱ्याच्या कपाटात मागे सरकवलेलं. (असेलच. मी दिवाळी अंक असेच सरकवत होते.) सतरंजीवर मांडा आणि प्रत्येक वस्तू कुठून आली तेवढं वहीत लिहा. आईची, सासूबाईंची, माहेरच्या शेजारणीने दिलेली, बाजारातून आणलेली, भंगारवाल्याकडून सोडवलेली. दोन तास लागतील. पहिल्या तीनचार प्रकारांत पंचवीस-तीसच्या वर वस्तू निघाल्या तर मला आश्चर्य वाटेल. बाकी सगळी पानं 'सोडवलेली' या एका शब्दाने भरतील. तो शब्द ऐंशी वेळा लिहून झाला की हात आपोआप थांबतो.

घरची भांडी ठेवा, पण वापरात ठेवा. वापरातल्या भांड्याला कुणी पसारा म्हणत नाही. सासूबाईंची परात कणकेला घ्या. तांब्याच्या तांब्यात पाणी ठेवा, ताक किंवा सरबत नको. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची असेल तर आधी कल्हई. आत कथिलाचा थर नसला की आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या पिढीला माहीत आहे, सुनेला सांगून ठेवा. कल्हईवाले आता शोधावे लागतात. कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी करा, तिथे ठोक्याचा आवाज अजून येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ती वस्ती, भांडं बघून ते तुमच्याशी तासभर बोलतील. तुमच्या घरी कुणी बोलत नाहीये सध्या, म्हणून हेही सुचवलं.

१९३८ची परात ठेवा. तिच्यावरून मी भांडणार नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे म्हणून ती बाई ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी तुमच्या घरात नावानिशी आली. मात्र चिंच-मीठ लावून ती लखलखीत करू नका. टिंब टिंब पाडून कोरलेलं नाव घासून घासून पुसट होतं, आणि नाव गेलं की ती पायलीच्या पन्नासांतली एक. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, बास. नाव असलेल्या आणखीही वस्तू असतील. त्यांचे फोटो काढा, नाव-साल वहीत उतरवा. सगळ्या ठेवायलाच हव्यात असं नाही. दोन-तीन ठेवा.

माळ्याबद्दल मुलगा बोलतो ते अगदीच हवेत नाही. राहत्या खोलीचा स्लॅब बांधताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. माळा त्याहून पुष्कळ पातळ असतो, तो गाद्या आणि रिकाम्या बॅगांसाठी. पितळ त्याच आकाराच्या पाण्यापेक्षा आठपटीहून जड. तपेल्यांत तपेल्या घालून तुम्ही माळा गच्च भरला असेल तर तो आज पडेल असं नाही, पण खाली पलंग असेल तर तो आजच सरकवा. शिवाय पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं पितळ आत घामेजतं आणि काळं-हिरवं पडतं. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे त्यापेक्षा बरे.

माळ्याच्या बाबतीत मी शहाणपणा सांगायचा अधिकार महाग मिळवलाय. माझ्याकडे एकतीस वर्षांचे दिवाळी अंक होते. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आपल्याला तिथपर्यंत मागे जाता येईल अशा गमजा मी मारत असे. प्रत्यक्षात एकोणीसशे सत्तरच्या मागे एक अंक नव्हता. सगळे माळ्यावर. कुणी हात लावायचा नाही, कारण 'संग्रह' होता ना! मी तरी कुठे लावत होते? एका मे महिन्यात वर चढले, गठ्ठ्याची सुतळी ओढली आणि गठ्ठा हातात आलाच नाही. वरचं मुखपृष्ठ तेवढं शाबूत, आत वाळवीने माती करून ठेवली होती. चार पोती निघाली. नवरा काही बोलला नाही, पोती खाली नेऊन आला आणि चहा टाकला. पितळेला वाळवी लागत नाही हे तुमचं नशीब आणि तुमचा तोटाही. वाळवी निदान निकाल लावते.

जाणाऱ्या वस्तू कुठे जातील? मोडीत घालू नका, ते तुमच्याने होणारही नाही. पण सोडून देण्याचे दुसरेही रस्ते आहेत. भाचीचं केळवण आहे, पुतणीने नवीन घर घेतलंय, कुणाला ऑफिसच्या दारात फुलं तरंगत ठेवायला घंगाळ हवंय, अशांना एकेक द्या. देताना ते घरी आहे तितक्याच प्रेमाने मिरवलं जाईल अशी अट घालू नका. दिलं की दिलं. हंडे जुन्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला विका. तो मोडीच्या भावापेक्षा जास्त देईल आणि तुम्ही दिलेल्या भावापेक्षा कमी. मधला फरक सहा वर्षांच्या करमणुकीचा खर्च म्हणून सोडून द्या. बँकेत होतात, तुम्हाला हे लिहायला सोपं जाईल. एखाद्या संग्रहालयाला द्यावंसं वाटलं तर रिक्षात घालून नेऊ नका. आधी पत्र लिहा, फोटो पाठवा, वस्तू कुठून आली ते कळवा. त्यांच्याकडेही हंडे आहेत.

लेकीला समया देताना जरा थांबा. १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, १९७६पासून लागू झालेला. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सामानातली समई विमानतळावर अडली तर तिचं वय तिथे कोण ठरवणार? वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेता येतं. नाहीतर तिला १९३८ची परात द्या म्हटलं असतं, तिची शंभरी भरायला अजून अवकाश आहे. पण ती तुम्ही सोडणार नाही. आणि एक, या पसाऱ्यात एखादी जुनी धातूची मूर्ती आली असेल तर तिच्याकडे वेगळं लक्ष द्या. शंभर वर्षांवरच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. हंड्या-परातींना ती भानगड नाही.

बंब. ठेवा, माझं काही म्हणणं नाही, माझाही त्यात जीव अडकतो. पण सोफ्यामागून काढा आणि गॅलरीत पावसाचा सपकारा लागणार नाही अशा कोपऱ्यात न्या. त्यात मनीप्लांट लावू नका. लोक लावतात. नका लावू.

म्हणजे हॉलमधल्या तुमच्या तीन फुटांत उरली मापं. खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटला तो इथे. दीडशे वस्तूंमध्ये तुम्ही नेमकी तीच निवडलीत जी एकात एक मावतात! चिपटं म्हणजे पाव शेर, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोबर दुप्पट. एका घाटाची असतील तर अख्खा संच पायलीच्या पोटात बसतो. सध्या तुमच्या पायलीत शेर ठेवला की तो खुळखुळत असणार, कारण मधली अधोली नाही. सुनेला हे एकदा हातात देऊन दाखवा. महत्त्व सांगू नका, नुसतं खुळखुळवून दाखवा.

आणि हा छंद जागा न खाता वाढतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८पासून किलो-लिटर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधी शेर आणि पायली गावोगाव वेगळी होती. नाव तेच, माप निराळं. तुमचा शेर किती मिलिलिटरचा आहे ते कधी मोजलंत? सुनेच्या स्वयंपाकघरात खुणा केलेला प्लॅस्टिकचा कप असेल, तो मागून घ्या, पाणी भरून मोजा. मग तांदूळ भरून वजन करा, एकदा सपाट आणि एकदा शीग लावून. दोन मापटी शेरात तंतोतंत बसतात का बघा. बसली नाहीत तर तुमची मापटी आणि शेर एका गावचे नाहीत, आणि मग खरी मजा सुरू होते. काही मापांवर तपासणीचे शिक्के असतात, ते भिंगातून बघा. जुन्या पिढीतली जी माणसं अजून हाताशी आहेत त्यांना विचारा, तुमच्याकडे पायली केवढी होती, माप घातल्यावर पहिल्याला 'एक' म्हणायचे की 'लाभ'. याला वही लागते, कपाट लागत नाही.

जुना बाजार सोडा असं मी म्हणणार नाही. बुधवार सोडा, रविवार ठेवा. एकच वस्तू शोधायची असेल तर तेवढा पुरतो. मात्र तिथे 'अधोली आहे का' असं विचारत जाऊ नका. चार वर्षं तुम्ही तेच विचारत असाल तर एव्हाना तो बाजार तुमच्या अधोलीची वाटच बघत असेल, आणि ती आली की शेराला सव्वाशेर भाव सांगेल. 'तांदूळ मोजायचं एखादं थोरलं माप आहे का हो' एवढंच म्हणा, आणि ते हातात आलं तरी आधी दुसरीकडे बघा. काठ नीट तपासा. जाताना पिशवी लहान न्या, अधोली मावेल एवढीच.